बिनपत्त्याचं रिंगण

मास्तरीणबाईंचं पत्र आलं तेव्हा मामा स्वेटर घालून बसत होते. आता पंखा लागला होता, आणि पत्राला उत्तर गेलेलं नव्हतं.

लिहिलं नव्हतं असं नाही. पुष्कळदा लिहिलं. पण मामांचा सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. लिहिलेला कागद समोर आला की हात आपोआप लाल पेनाकडे जायचा. 'आपले पत्र मिळाले, आनंद झाला' असं लिहून झालं की वाटायचं, आनंद खरंच झाला का? नव्हता झाला. मग तो खोडला. 'उत्तरास थोडा उशीर झाला' मधला 'थोडा' तर निव्वळ थाप. तोही गेला. खोडता खोडता शेवटी कागदावर 'आपला नम्र' एवढंच उरायचं, आणि नुसता नम्रपणा पाकिटात घालून कोण पाठवणार? छापखान्यात त्यांना पाठीमागे 'कानामात्रा' म्हणत. घरी बहीण दादा म्हणायची आणि तिची मुलगी मामा. बहीण गेली, छापखाना बंद पडला, उरली भाची. म्हणून आपणही त्यांना मामाच म्हणू.

पत्रातलं मागणं साधं होतं. मामांनी उभ्या आयुष्यात एकच पुस्तक केलं होतं, फोटोंचं. हजारो वर्षांपूर्वी माणसांनी उघड्या माळावर उभे केलेले दगड, दगडांची थडगी, दगडांची रिंगणं. कोणी केली आणि कशासाठी, ते कोणालाच धड ठाऊक नाही. सुट्टीच्या दिवशी मामा कॅमेरा गळ्यात घालून पहिल्या बसने निघायचे आणि शेवटच्या बसने चिखल घेऊन परत यायचे. पुस्तकात प्रत्येक फोटोखाली तिथे कसं जायचं ते बारकाईने दिलेलं होतं. फक्त शेवटच्या फोटोखाली 'एक रिंगण' एवढे दोनच शब्द. कुठलं, कुठे, काही नाही.

मास्तरीणबाई एका डोंगराळ गावात शाळा चालवत. त्यांनी लिहिलं होतं: 'हे रिंगण आमच्या शाळेमागच्या उतारांवरच असावं असा माझा संशय आहे. गावात विचारलं तर असं काही नाही म्हणतात. मी हिंडून पाहिलं, सापडलं नाही. सध्या जुन्या अवशेषांची नोंदणी चालू आहे. नोंद झाली तर हात लावता येत नाही. नाही झाली तर तो सगळा उतार मशीन लावून सपाट करणार आहेत. नोंदीसाठी जागेचा पत्ता, आत्ताचा फोटो आणि आपल्या सहीचं पत्र लागेल. कळवाल का?'

आणि मामा मूग गिळून बसले होते.

"दिलंत का उत्तर?" भाचीने विचारलं. ती दातांची डॉक्टर होती. दवाखाना बंद असेल त्या दिवशी यायची, मामांचा फ्रिज उघडून नाक मुरडायची, शिळं फेकायची आणि मग मामांना फैलावर घ्यायची.

"विचार चाललाय."

"मामा, दाढ काढायला आलेला माणूससुद्धा एवढा विचार करत नाही. महिनाअखेर मुदत संपतेय त्यांची."

"तुला कळत नाही गं. एकदा पत्ता दिला की लोक येतात."

"येऊ देत की! दगड काय तुमच्या नावावर आहेत?"

"लोक नुसते येत नाहीत. खराब करतात."

"कोणी सांगितलं?"

"ऐकतो मी."

"कोणाकडून ऐकता? तुम्ही पोस्टमनशी बोलत नाही. शेजाऱ्याने बेल वाजवली तर दिवा घालवून बसता." तिने फ्रिजमधली कसलीशी हिरवी झालेली वाटी नाकापासून लांब धरली. "हे काय होतं मूळचं?"

मामांना आठवेना.

"रविवारी गाडी काढते," भाची म्हणाली. "पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचं ते छप्पर वाटेवरच आहे ना? ते आधी बघू. लोकांनी काय केलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग रिंगण. मग घरी येऊन काय ते एकदाचं लिहा, हो किंवा नाही. आणि वाटेत दुकानांच्या पाट्यांतल्या चुका वाचून दाखवायच्या नाहीत. मागच्या वेळी माझं डोकं उठलं होतं."

मामा हो म्हणाले. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

*

ते छप्पर म्हणजे तीन उभे दगड आणि त्यांच्यावर आडवी टाकलेली एक अजस्र शिळा. खाली दोन माणसं वाकून बसतील एवढी पोकळी. मामा पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे मेंढ्यांच्या लेंड्यांखेरीज काही नव्हतं. गुडघे गेल्यापासून मात्र ते फिरकले नव्हते.

आता गाडी लावायलाच जागा मिळेना. कुंपणाला लागून गाड्यांची रांग, रांगेपुढे खाण्याचा एक ठेला, ठेल्याच्या तेलाचा जुना खवट वास, आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंना ओल्या कागदी रुमालांचे बोळे. झुडपांआड माणसं जाऊन आली की काय होतं ते त्या बोळ्यांवरून कळत होतं. मामांनी नाकाला रुमाल लावला आणि वर बघत चालायला लागले.

"खाली बघा मामा," भाची म्हणाली. "वर बघून चालाल तर नको त्यात पाय पडेल."

दगडांपाशी कुठल्याशा हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाची सहल आली होती. सगळ्यांच्या अंगात सारखी जाकिटं, गळ्यात हातभर लांबीच्या भिंगांचे कॅमेरे. एक गृहस्थ बाटलीतून स्वयंपाकाचं तेल हातावर घेऊन उभ्या दगडाला चोळत होते. मनापासून, मालिश करावी तसं. दगड ठिकठिकाणी काळा, चिकट झाला होता आणि त्याला माश्या चिकटल्या होत्या. पलीकडे एक बाई टाल्कम पावडरीचा डबा घेऊन शिळेवरच्या प्राचीन खळग्यांत पावडर भरत होत्या, म्हणजे ते खळगे फोटोत ठळक दिसतील. पावडर गुलाबाच्या वासाची होती. आधी कोणी दूध ओतलं असावं, कोणी पीठ. खळग्यांत त्या सगळ्याचा आंबलेला थर बसला होता, आणि बाई त्यावरच पावडर शिंपडत होत्या.

"अहो, दगडाला तेल कशाला?" भाचीने विचारलं. "सांधे धरलेत का त्याचे?"

तेलवाले गृहस्थ हसले. "रंग उठतो हो ताई. कोरडा दगड मेल्यासारखा दिसतो."

मामांना सांगायचं होतं की तो मेलेलाच आहे, म्हणजे थडगंच आहे ते. पण तेवढ्यात त्यांचं लक्ष मधल्या दगडाकडे गेलं. त्या दगडाच्या खांद्यावर पूर्वी दगडफुलाचा एक करडा, पोपटी डाग होता. तळहाताएवढा. तसा एक डाग वाढायला माणसांच्या कित्येक पिढ्या जातात. मामांच्या फोटोत तो आहे. आता तिथे नुसते ओरखडे होते, पांढुरके, गुडघा फुटल्यासारखे. जवळच लोखंडी ब्रश पडला होता, आणि त्याच्या तारांत ते करडं पोपटी काहीतरी अडकलेलं होतं. कुणाची तरी चामडी सोलून ब्रश तिथेच टाकून जावं, तसं.

पोकळीत वाकून बघण्याची त्यांना हिंमत नव्हती, पण वासाला वाकावं लागत नाही. मुताचा वास भक्कन अंगावर आला. आत वितळलेल्या मेणबत्त्यांचे ओघळ, सिगारेटची थोटकं आणि कुणाचा तरी एकच मोजा.

"काका, ओ काका! जरा बाजूला व्हा की. फ्रेममध्ये येताय."

मामा दचकून बाजूला झाले. जन्मभर त्यांनी गुराख्यांना, मेंढ्यांना, सहलीच्या पोरांना हातवारे करून बाजूला केलं होतं. आज पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी केलं.

बाजूला होताना पाय चिखलात गेला. हिरवळीत तेवढ्याच जागी एक खड्डा पडला होता, परातीएवढा, आणि त्यात गढूळ पाणी साचलं होतं. खड्ड्याशी रांग लागलेली. एकेक जण यायचा, त्या चिखलात गुडघा टेकायचा, फोटो काढायचा, उठायचा.

"इथूनच का काढताय सगळे?" भाचीने रांगेतल्या एकाला विचारलं.

"हाच तर फेमस अँगल आहे." त्याने मोबाइलवर चित्र दाखवलं. मामांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ. "कुठल्या तरी जुन्या पुस्तकातला आहे. सगळे हाच काढतात. अगदी असाच आला पाहिजे."

भाचीने मामांकडे बघितलं. मामा त्या खड्ड्याकडे बघत होते. एके काळी तिथे गवत होतं आणि त्यांनी त्यावर रुमाल अंथरून गुडघा टेकला होता.

"सांगू का त्यांना, लेखक हेच म्हणून?" ती कानात म्हणाली.

"माझी शपथ आहे तुला. चल. मळमळतंय मला."

*

गाडीत बसल्यावर मामांना वाचा फुटली. छापखान्यात पन्नास चुकांचं मुद्रित हातात आल्यावरही ते एवढे बोलले नसतील. तेलकट, म्हणाले. बुळबुळीत. माणूस म्हणून लाज वाटते. पावडर काय, ब्रश काय. मोजा काय! एकच मोजा कोण टाकतं?

"दुसऱ्याचं काय झालं असेल हाच मला प्रश्न पडलाय," भाची म्हणाली.

"बघितलंस ना? आता तरी पटलं? मी त्या बाईंना काही कळवणार नाही. मशीनने सपाट झालं तर झालं. निदान स्वच्छ तरी जाईल."

"ते तुम्ही ठरवा. पण आलोच आहोत तर तुमचं रिंगण तरी बघू. कुठे वळू?"

मामांनी बाहेर बघितलं. मग पुस्तक उघडून शेवटचं पान काढलं. मग परत बाहेर बघितलं. टेकड्यांमागे टेकड्या, सगळ्या एकसारख्या. मास्तरीणबाईंची शाळा मागे गेली होती. तिथून वर जायचं एवढं पक्कं. पण पुढे?

"दाखवा तो फोटो." भाचीने गाडी बाजूला घेतली. फोटोत गवत होतं, त्यात उभ्या दगडांचं रिंगण होतं आणि वर आभाळ. "यात खूण काय?"

"खूण नाही. तेच तर या फोटोचं वैशिष्ट्य. आत्ताच्या जगातलं काहीसुद्धा दिसत नाही त्यात. फार खटपट केली होती मी. एक पत्र्याची शेड होती, ती सगळ्यात उंच दगडामागे लपवली. विजेचा खांब होता, त्यासाठी जमिनीला गाल लावून पडलो. तारेचं कुंपण गवतात घालवलं."

"म्हणजे शेड आहे. कुठल्या रंगाची?"

मामा परत फोटो न्याहाळायला लागले.

"मामा, शेड कुठल्या रंगाची?"

"बघितली नाही गं. म्हणजे... टाळली."

"आणि खांब उजवीकडे की डावीकडे?"

"तोही टाळला."

भाचीने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि ती हसायला लागली. "जगापासून लपवता लपवता स्वतःपासूनच लपवलंत की हो! धन्य आहे तुमची."

मग एका उतारावरून दुसऱ्या उतारावर हिंडणं झालं. मामा दर वळणावर 'हेच' म्हणायचे आणि उतरल्यावर 'हे नव्हे' म्हणायचे. अखेर एका फाटकाशी बादली घेऊन जाणारा एक माणूस दिसला. भाचीने काच खाली केली आणि हाताची घडी घातली.

"विचारा."

"तू विचार ना."

"तुमचं रिंगण. तुम्ही विचारा."

मामा उतरले. अनोळखी माणसाला वाट विचारायची म्हणजे त्यांना घाम फुटायचा. "नमस्कार. म्हणजे... इकडे कुठे जुने अवशेष... प्रागैतिहासिक..."

"काय?"

"दगड. उभे. गोलाकार."

"असं काही नाही बुवा इकडे." बादलीवाला विचार करायला लागला. "शाळेतल्या बाई पण विचारत होत्या. काय ते, ऐतिहासिक. आमच्याकडे ऐतिहासिक काही नाही."

मामांनी पुस्तक पुढे केलं. बादलीवाल्याने फोटो लांब धरला, जवळ धरला, आडवा केला. मग त्याचा चेहरा उजळला.

"अहो, हा तर आपला कचऱ्याचा खड्डा! तसं म्हणा ना! पाहुण्यांना काय तिकडे नेऊ? वास येईल तुम्हाला."

*

वास आधी आला, दगड नंतर. गोडसर, जाड वास, जिभेवर बसणारा. चढण संपली आणि खोलगटात ते रिंगण दिसलं. दगड सगळे जागच्या जागी उभे होते, आणि त्यांच्या आत, काठोकाठ, खुराकाची फाटकी प्लास्टिकची पोती, टायर, तुटका टब, गुरांना टोचायच्या औषधांच्या बाटल्या. सगळ्यात उंच दगडाला टेकून संडासाचं फुटकं भांडं ठेवलेलं. मधोमध एक मेलेलं वासरू, पोट फुगून टम्म झालेलं, चारी पाय ताठ. मामांना वाटलं ते हलतंय. हलत होत्या त्या अळ्या.

"जागा फार सोयीची," बादलीवाला कौतुकाने म्हणाला. "वारा आला तरी कागद उडत नाहीत, दगड अडवतात. आमच्या आधीच्या माणसाने सुरू केलं, आम्ही चालू ठेवलं."

"कोणी काही बोललं नाही?" भाचीने विचारलं.

"बोलायला इथे येतंय कोण? इतक्या वर्षांत तुम्हीच. जमीन मालकाची, मी आपला राखणदार. आता मशीन येणार म्हणतात, मग हे सगळं सपाट. मग कचरा टाकायचा कुठे, ते मात्र कोणी सांगत नाही."

मामा कुंपणाशी गेले, तार धरली आणि ओकले. सकाळचा ब्रेड, अंडी, सगळं. भाची मागून आली आणि तिने त्यांचं कपाळ धरलं.

"ओका मामा. मोकळे व्हा. मला सवय आहे."

"कसं बघवतं गं तुला?"

"मी दिवसभर लोकांच्या तोंडात बघते. वरून हसू असतं, खाली पू. तोंड फिरवून चालत नाही, बोट घालावं लागतं." तिने बाटलीतलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं. "चला आता. बघून झालं. निघू या?"

"थांब. एक फोटो घेतो."

सवयच ती. कॅमेरा डोळ्याला लागला की मामांचे पाय आपोआप जागा शोधायचे. ते खोलगटाला वळसा घालून गेले, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, वाकले, मग कुरकुरत्या गुडघ्यांनी गवतात खाली बसले, मग आडवे झाले. उंच गवताने पोती झाकली. एका ठेंगण्या दगडाने वासरू झाकलं. थोडं डावीकडे सरकल्यावर उंच दगडामागे शेड गेली, अजून थोडं सरकल्यावर संडासाचं भांडं गेलं. खांब गवताच्या तुऱ्यांत विरघळला. आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत ते रिंगण उभं राहिलं, तसंच्या तसं. गवत, दगड, आभाळ. पुस्तकातल्या शेवटच्या पानाइतकं निर्मळ. काळ त्याला शिवला नव्हता. फक्त श्वास घेतला की सडका वास आत जात होता.

मामा बटणावर बोट ठेवून पडून राहिले.

छपराशी त्यांना किळस आली होती, खड्ड्याशी ओकारी. पण ही त्याहून निराळी होती. ती समोरून येत नव्हती. कॅमेऱ्याच्या मागून येत होती. तो देखणा फोटो बघून त्यांना अशी शिसारी आली की त्यांनी कॅमेरा डोळ्यावरून ओढून काढला. तेलवाल्या गृहस्थाने दगडाला तेल चोळलं होतं. आपण काय चोळतोय?

ते उठले. उठायला वेळ लागला. मग मागे सरकायला लागले, एकेक पाऊल, डोळा कॅमेऱ्याला. भांडं आलं चौकटीत. अजून मागे. वासरू आलं. बूट कशात तरी घोट्यापर्यंत रुतला, मऊ, गार. काय ते त्यांनी बघितलं नाही, मागे सरकत राहिले. शेड आली. निळी होती. खांब आला, उजव्या हाताला. तारेचं कुंपण, पोती, टायर, खाली दूर मास्तरीणबाईंच्या शाळेचं छप्पर. आणि कडेला बादली घेऊन उभा असलेला माणूस.

"साहेब, मी मध्ये येतोय का?" बादलीवाल्याने विचारलं. "बाजूला होतो."

"नको," मामा ओरडले. इतक्या मोठ्याने ते आयुष्यात कोणाशी बोलले नव्हते. "तिथेच थांबा!"

बादलीवाल्याने घाईघाईने केसांवरून हात फिरवला आणि बादली पोटाशी धरून तो ताठ उभा राहिला.

*

"बूट काढून डिकीत ठेवा," गाडीशी आल्यावर भाची म्हणाली. मामांनी ठेवले. तरी वास पुढे आलाच. काचा खाली करून ती गाडी चालवत राहिली.

"मग काय ठरलं?" शेवटी तिने विचारलं. "हो की नाही?"

"हो म्हटलं तर छपरासारखं होणार."

"होऊ शकतं."

"बाई चांगल्या असतील. पण बाई काय दिवसभर काठी घेऊन उभ्या राहणार आहेत? तेलवाले येणार, पावडरवाल्या येणार. गुडघे टेकणार."

"मग नाही म्हणा. आहे तसं राहू दे. वासरासकट. मशीन येईपर्यंत."

मामांनी तोंड वाकडं केलं. "तू दाढ दुखते म्हणून आलेल्याला असंच सांगतेस का, राहू दे म्हणून?"

"नाही. मी सांगते, तोंड उघडा."

सोमवारी तिने दवाखान्याच्या गल्लीतल्या दुकानातून फोटो मोठा छापून आणला. इतका कुरूप फोटो मामांनी कधी काढला नव्हता. क्षितिज तिरकं होतं, वासराच्या पायाने एक दगड कापला गेला होता, बादलीवाल्याचे डोळे मिटलेले. मामांनी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला, आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण बघवत नाही म्हणून त्यांनी तो पालथाही घातला नाही. समोर ठेवूनच लिहायला बसले.

'बाई, तुमचा संशय खरा आहे. रिंगण तुमच्या शाळेच्या मागेच आहे. गावात अवशेष म्हणून विचारलंत म्हणून मिळालं नाही. कचऱ्याचा खड्डा कुठे म्हणून विचारा, कोणीही दाखवेल. शाळेवरून वर चढताना डाव्या हाताचं दुसरं फाटक. पुढे निळ्या पत्र्याची शेड आणि उजवीकडे विजेचा खांब, या दोन्हींच्या मधल्या खोलगटात. वारा तुमच्याकडे असेल तर वासावर जा. सोबत आत्ताचा फोटो आहे. तो मुलांना दाखवू नका, पण नोंदणीवाल्यांना मात्र हाच द्या, पुस्तकातला देऊ नका. पुस्तकातला खोटा नाही, पण त्याच्यावरून कोणाला काही सापडायचं नाही. मलाही सापडलं नाही.

लोक आले तर काय करतात ते मी पाहून आलो. लोक आले नाहीत तर काय होतं ते फोटोत आहे. मला दोन्हींची किळस येते. पण सपाट झाल्यावर किळस यायलाही काही उरणार नाही. नोंद करा. दगडांना कोणी तेल लावायला लागलं तर मला कळवा. मी आरडाओरडा करणारा माणूस नाही, पण माझी भाची आहे.'

खाली सही केली, पूर्ण नाव, पत्ता. मुदतीला फार दिवस उरले नव्हते, म्हणून पेटीत न टाकता ते स्वतः पोस्टात गेले. चपलांचा जुना जोड कधीच टाकलेला, बुटांचा जोड एकच. भाचीने ते घासून घासून धुतले होते, उन्हात ठेवले होते, तरी शिवणींत जे गेलं होतं ते गेलंच होतं. पोस्टात रांग होती. मामा उभे राहिले आणि थोड्याच वेळात त्यांच्या पुढची बाई एक पाऊल पुढे सरकली, मागचा माणूस दोन पावलं मागे गेला. कुजबुज झाली. एरवी मामा शरमेने तसेच घरी परतले असते. आज त्यांनी पाकीट छातीशी धरलं आणि ते हलले नाहीत.

खिडकीतल्या कारकुनाने नाकाला हात लावला. "काय आहे आत?"

"फोटो," मामा म्हणाले. "वास माझ्या बुटांना आहे."

कारकुनाने दोन बोटांत पाकीट धरून वजन केलं, तिकिटं चिकटवली, शिक्का हाणला आणि अंगापासून लांब धरत ते मागच्या पोत्यात टाकून दिलं.